एका डब्यात सहा मजले

इमारतीचा मजला उतरवायला काय काय लागतं ते मला विचारा. जन्मभर बांधकामावर मुकादमी केली आहे. घण लागतात, पहारी लागतात, परांची बांधावी लागते, घसा बसेपर्यंत ओरडावं लागतं आणि शेवटी मलबा ओढायला गाड्या लागतात. असं असताना आमच्या इमारतीचा सहावा मजला मी गेल्या वर्षी एकट्याने, खुर्चीत बसून, हातातला चहा न सांडता, एका बोटाने उतरवला. शेजाऱ्यांना आवाजसुद्धा गेला नाही. नंतर त्यांनी जो आवाज केला, तो वेगळा.

मी सोसायटीचा खजिनदार आहे. कसा झालो ते सांगत बसत नाही. जो माणूस दिवसभर घरी असतो आणि ज्याला 'नाही' म्हणताना खोकला येतो, तो खजिनदार होतो. या कामातलं मोठं संकट म्हणजे वार्षिक अहवाल. आमच्याकडे अहवाल लिहीत नाहीत, गेल्या वर्षीचा खरवडून त्यावर नवा लिंपतात. एकच आकडा त्यात आठ ठिकाणी बसलेला असतो. सात ठिकाणी बदलला तरी आठवा कुठल्या तरी परिच्छेदामागे दडी मारून बसतोच. मागच्या सर्वसाधारण सभेत पहिल्या पानावर एक शिल्लक आणि चौथ्या पानावर दुसरीच शिल्लक निघाली. आमचे अध्यक्ष दंतवैद्य आहेत, तळमजल्यावर त्यांचा दवाखाना आहे. त्यांनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "मुकादम, यातला खरा दात कुठला आणि बसवलेला कुठला?"

सभा हसली. मी ज्यांच्या न्हाणीघराचा उतार फुकटात नीट करून दिला होता, तेसुद्धा हसले. घरी येऊन मी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

आमच्या सूनबाई हिशेबाच्या कचेरीत नोकरी करतात. मोठ्या कंपन्यांचे अहवाल बनवायचं सॉफ्टवेअर त्या रोज वापरतात, त्याचीच धाकटी आवृत्ती सोसायट्यांसाठी मिळते. माझा भात शिल्लक राहिलेला बघून त्या कॉम्प्युटर घेऊन माझ्यापुढे बसल्या.

"बाबा, आकडा आठ ठिकाणी लिहायचाच कशाला? एक डबा करायचा. इथे त्याला व्हेरिएबल म्हणतात, तुम्ही डबा म्हणा. डब्याला नाव द्यायचं आणि आकडा आत ठेवायचा. अहवालात जिथे जिथे तो आकडा हवा, तिथे आकडा न लिहिता डब्याला दोरी बांधायची. पुढच्या वर्षी डब्यातला आकडा बदलला की आठही ठिकाणी आपोआप बदलतो."

"आपोआप? मजूर न लावता?"

"मजूर न लावता. फक्त एक लक्षात ठेवा. डब्याला नाव कामाचं द्यायचं, आकड्याचं नाही."

एवढं सांगून त्या कामाला गेल्या. वर्षअखेर असल्यामुळे पुढचे काही आठवडे त्या घरात फक्त चप्पल काढताना आणि घालताना दिसल्या.

मी डबे करत सुटलो. वर्षाचा डबा, शिल्लकेचा डबा, अध्यक्षांच्या नावाचा डबा. एक आकडा बदलायचा आणि चौथ्या पानावर त्याची सावली हललेली बघायची, याची मला चटक लागली. बायकोला दोनदा स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, माझ्या डब्यांत काय आहे ते कधी बघितलंत का? साखर संपली आहे. ती कुठल्याही दोरीने आपोआप येत नाही."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माझ्या दोन खोडी आहेत. अक्षरओळख मला फार उशिरा झाली, मुलगा शाळेत जायला लागल्यावर त्याच्याच पाटीवर; तेव्हापासून एक अक्षर फुकट खर्च करणं जिवावर येतं. आणि बांधकामावरची सवय अशी की अर्धी वीटसुद्धा मी कधी टाकून दिली नाही. तर डब्यांची यादी बघताना मला दिसलं, की चार डब्यांत एकच आकडा आहे. इमारतीचे मजले सहा. कार्यकारिणीचे सदस्य सहा. वर्षातल्या सभा सहा. लिफ्टमध्ये मावणारी माणसंही सहा.

आता एकाच मापाच्या विटांचे चार ढीग कोण रचून ठेवेल? तीन डबे पुसून टाकले, चौथ्याला सगळ्यांच्या दोऱ्या बांधल्या आणि त्याचं नाव ठेवलं 'सहा'. छोटं, सुटसुटीत, कुणालाही कळेल असं. त्या दिवशी मी बायकोला म्हणालो, "या सॉफ्टवेअरवाल्यांनी मला आधी विचारलं असतं, तर त्यांची बरीच जागा वाचली असती."

या अहवालावर लिफ्टही लटकलेली होती. आमची लिफ्ट बंद पडून बरेच महिने झाले होते आणि तिचे भाग आता कुठेच बनत नाहीत, असं दुरुस्तीवाला दर खेपेला नव्या आनंदाने सांगायचा. नगर कार्यालयाची एक योजना होती. पाचपेक्षा जास्त मजले असलेल्या जुन्या इमारतींना ते लिफ्ट बदलून देतात. अर्जाबरोबर वार्षिक अहवाल जोडायचा. आणि सहाव्या मजल्यावर राहते माझी थोरली बहीण. ताईचे गुडघे गेलेत. लिफ्ट बंद पडल्यापासून ती खाली उतरलेली नाही. खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली सोडते, मी खालून भाजी भरतो, ती वर ओढून घेते.

एकदा वरूनच म्हणाली, "टोपलीचं सगळं बरं आहे रे, पण भाजीवाल्याशी भांडता येत नाही. मी वरून बोलते ते त्याला आशीर्वाद वाटतात."

अंगणातल्या झाडाखालच्या बाकावर बसून पूर्वी ती रोज संध्याकाळी अख्ख्या इमारतीची खबर घ्यायची. आता बाक रिकामा होता आणि इमारतीत कोण काय करतं ते कुणालाच कळत नव्हतं. मी तिला शब्द दिला होता, "पाऊस यायच्या आत तुला बाकावर बसवतो."

अहवाल तयार झाला. असा देखणा, की ओळंबा लावला तर केसाचा फरक सापडला नसता. दुसऱ्या दिवशी पाठवायचा. आणि त्याच संध्याकाळी विमावाल्यांनी राजीनामा दिला.

विमावाले तिसऱ्या मजल्यावर राहतात. विमा विकणं त्यांनी कधीच सोडलं, पण समोरच्या माणसाचं पुढे काय वाईट होणार ते सांगणं सोडलेलं नाही. अहवालाचं मुखपृष्ठ पिवळं हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. अध्यक्षांनी ठेवलं पांढरं. विमावाले म्हणाले, "जिथे माझ्या रंगाला किंमत नाही तिथे मला काय असणार," आणि कार्यकारिणीतून बाहेर पडले.

मला त्यात अडचण दिसली नाही. उलट नव्या विद्येची परीक्षा दिसली. सदस्य सहाचे पाच झाले. डबा उघडला, सहा खोडून पाच घातले, बोट दाबलं आणि अहवाल कार्यालयाकडे पाठवून दिला. 'सहा' नावाच्या डब्यात पाच आहे हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. मला वाटलं, नाव काय, नंतर बदलू.

दुसऱ्या दिवशी छापील प्रती वाटल्या आणि इमारत जिन्यात जमली. अहवालात लिहिलं होतं: 'आपली इमारत ५ मजली आहे.' मजल्यांच्या दोरीला फ्लॅटची संख्या बांधलेली, तिच्या दोरीला प्रत्येकाची वर्गणी. चार फ्लॅट नाहीसे झाले आणि त्यांचा भार बाकीच्यांवर पडला. सहाव्या मजल्याला तर वर्गणीची चिठ्ठीच निघाली नाही.

सगळे ओरडत होते, फक्त सहावा मजला गप्प होता. तिथे एक व्हायोलिनवाले राहतात. मी माफी मागायला गेलो तर त्यांनी माझा हात हातात घेतला. "मुकादम, घाई करू नका. चौथ्या मजल्यावरच्या बाई रोज माझ्या सरावाबद्दल तक्रार करतात. आता त्यांना म्हणता येईल, जो मजलाच नाही त्याचा आवाज येईल कसा?"

ताईला मात्र मी काही सांगितलं नाही. तिला कळलंच. टोपली खाली आली, तिच्यात चिठ्ठी: 'मी आहे की नाही ते कळव. असले तर अर्धा किलो वांगी पाठव.'

मग कार्यालयाचं उत्तर आलं. आपली इमारत पाच मजली असल्याने योजना लागू नाही.

वर्गणीची चिठ्ठी फाडता येते. ताईला दिलेल्या शब्दाचं काय करायचं? तडक कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाला म्हटलं, "साहेब, मजले सहा आहेत. चुकून पाच लागलं."

त्यांनी कागद वाचला. "अहवाल तुमचाच?"

"माझाच."

"खाली सही कुणाची?"

"माझीच."

"मग तुमचंच म्हणणं तुम्हालाच मान्य नाही, असं लिहून घेऊ का?"

"तसं नाही, मजला आहे. माझी बहीण राहते तिथे."

कारकुनाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे अहवालात पाच आणि वर आणखी एक आहे? तो परवानगी न घेता चढवला की काय?"

मी तीस वर्षं मजले चढवले, एकाही मजल्याबद्दल मला कुणी असं विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "सुधारलेला अहवाल पाठवा. निरीक्षक येऊन बघतील. मजला निघाला तर ठीक, नाही निघाला तरी ठीक. पण एक काहीतरी ठरवा."

घरी आलो तर जिन्यात सल्ल्यांची रांग लागलेली. एक म्हणाले, लांबून फोटो काढा. दुसरे म्हणाले, फोटोत खिडक्या मोजता येत नाहीत, प्रत्येक खिडकीत एक माणूस उभा करा. चौथ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "मी लिहून देते, वर मजला आहे. रोज ऐकते." खरं म्हणजे सूनबाईंना सांगायचं आणि दोन मिनिटांत मोकळं व्हायचं, एवढाच सरळ रस्ता होता. पण त्यांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं, नेमकं तेच मी केलं होतं. सासऱ्याला थोडा तरी मान असतो. तो मी चपलांच्या स्टँडपाशी ठेवून यायला तयार नव्हतो.

शिवाय मला एक सोपी वाट सुचली होती. ती आज सांगायला लाज वाटते, पण तेव्हा तिचा मला अभिमान वाटला. विमावाले परत आले तर सदस्य सहा होतात. सदस्य सहा झाले की डब्यात सहा येतात. डब्यात सहा आले की मजला परत मिळतो. म्हणजे मजला परत आणायचा तर विमावाल्यांची समजूत काढायची!

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. सगळं ऐकून विमावाले खुर्चीत सावकाश मागे टेकले. आयुष्यात इतकं समाधान मी फार थोड्या चेहऱ्यांवर बघितलं आहे.

"म्हणजे मी गेलो आणि मजला गेला."

"तसं म्हणता येईल."

"तसंच म्हणा. अहो, ऐकलंत का?" त्यांनी आत बायकोला हाक मारली, "मी राजीनामा दिला तर अख्खा मजला गेला!"

आतून आवाज आला, "मग तुम्ही घरात असून नळ गळतोच कसा?"

विमावाल्यांनी दोन अटी घातल्या. मुखपृष्ठ पिवळं, आणि त्यांच्या मेव्हण्यालाही कार्यकारिणीत घ्यायचं. मेव्हणे पाचव्या मजल्यावर राहतात, फार कमी बोलतात, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. मी दोन्ही मान्य केल्या. घरी आलो, मुखपृष्ठ पिवळं केलं, डब्यात सहा घातले, पानं उलटून बघितली. मजला जागेवर! फ्लॅट जागेवर! सकाळी पाठवू म्हणून निश्चिंत झोपलो.

आता आमच्या अध्यक्षांबद्दल. दंतवैद्य माणूस, कुठे खड्डा दिसला की भरल्याशिवाय राहवत नाही. अहवाल बघता यावा म्हणून सूनबाईंनी सुरुवातीलाच त्यांनाही किल्ली दिली होती. सकाळी एक रुग्ण दाढ बधिर व्हायची वाट बघत बसला होता, तेवढ्या वेळात अध्यक्षांनी अहवाल उघडला. मेव्हणे धरून सदस्य सात झाले होते, अहवालात मात्र सहाच. दोरी कुठल्या डब्याला आहे ते शोधलं, सहाचे सात केले, आणि मला त्रास नको म्हणून स्वतःच कार्यालयाला पाठवून दिला. वर मला निरोप: 'तुमची एक चूक भरून काढली आहे.'

दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला गाठलं. "मुकादम, यंदा सात सभा झाल्या असं वाचलं. सातवीला मला का नाही बोलावलं?"

धावत जाऊन अहवाल उघडला. सात सभा. लिफ्टमध्ये सात माणसं. आणि 'आपली इमारत ७ मजली आहे.'

निरीक्षक तिसऱ्या दिवशी आले. चांगले भरलेले गृहस्थ, बगलेत दोन्ही अहवाल. एक पांढरा, पाच मजल्यांचा. एक पिवळा, सात मजल्यांचा. अंगणात उभे राहून वर बघत म्हणाले, "दहा दिवसांत दोन मजले चढवलेत. कंत्राटदार कोण तुमचा?"

नेमक्या त्याच दिवशी सूनबाईंना सुट्टी होती. त्यांनी माझा चेहरा बघितला, कॉम्प्युटर उघडला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, या डब्यात काय आहे?"

"सात."

"आणि डब्याचं नाव?"

"सहा."

त्यांनी ओठ घट्ट मिटले. खांदे हलत होते. मग पदरात तोंड लपवून हसत हसत त्या जमिनीवरच बसल्या. मी म्हटलं, "कळलं मला. चार भिंतींत मिळून एकच वीट बसवली. एका भिंतीतली काढायला गेलो, चारही हलल्या."

"बाबा," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "हे मी कचेरीत शिकवायला घेणार आहे. तुमच्या भाषेत." आणि हसू न थांबवताच त्यांनी चार डबे वेगळे केले: मजले, सदस्य, सभा, लिफ्टमधली माणसं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मान गेला म्हणावं, तर तसं काही वाटलं नाही. उलट पाठीवरून पोतं उतरल्यासारखं झालं.

तोवर निरीक्षक जिना चढायला लागले होते. मोजल्याशिवाय सही करायची नाही, असा त्यांचा बाणा. पहिला मजला त्यांनी मोठ्याने मोजला. दुसराही मोजला. तिसऱ्यावर विमावाल्यांनी गाठून सांगितलं, "या वयात एकदम जिने चढू नयेत, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ असेच..." चौथ्यावर निरीक्षक मोजायचे थांबले. पाचव्यावर मेव्हण्यांनी त्या दिवसातला एकमेव शब्द उच्चारला, "बसा." ते बसले. आणि सहाव्यावर पोहोचले तेव्हा कठड्याला धरून उभे, शर्ट घामाने ओला, आतून व्हायोलिन ऐकू येत होतं.

ताई दारात उभी. "या हो. आधी पाणी घ्या, मग मोजा."

त्यांनी दोन ग्लास पाणी प्यायलं. ताईने विचारलं, "सातवा बघायचा का?"

"बाई," निरीक्षक म्हणाले, "असला तरी नाही बघायचा."

"मी कितीतरी महिन्यांत पहिलाही बघितला नाही," ताई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मग तिने त्यांना टोपली दाखवली, दोरी दाखवली, आणि मी पाठवलेली वांगी किडकी असतात हेही सांगितलं. ते बरंच बसले. मी सूनबाईंनी नीट केलेला अहवाल घेऊन वर पोहोचलो, तेव्हा निरीक्षक मांडीवर कागद ठेवून लिहीत होते. मला वाचून दाखवलं: 'स्वतः चढून मोजले. मजले सहा. लिफ्ट ताबडतोब देण्यात यावी.' 'ताबडतोब' या शब्दाखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. मग क्षणभर गुडघा चोळला आणि तिसरी मारली.

उतरताना मला म्हणाले, "अहवाल चुकला नसता तर मी आलोच नसतो. कागद बघून रांगेत लावला असता." हे मी अध्यक्षांना सांगितलं नाही. त्यांनी ते स्वतःच्या नावावर मांडलं असतं.

पावसाच्या आधी लिफ्ट आली. चकचकीत, आत पाटी: 'सहा व्यक्ती'. ताईला खाली आणायला आम्ही सगळेच वर गेलो. ती नवं पातळ नेसून, हातात टोपली घेऊन आत शिरली. भाजीवाल्याला परत द्यायचं काहीतरी टोपलीत होतं, बहुतेक किडकं वांगं. तिच्यामागे मी, बायको, सूनबाई, अध्यक्ष, मेव्हणे. आणि दार मिटता मिटता विमावालेही शिरले.

लिफ्टने घंटा वाजवली आणि जागची हलेना. कुणीतरी उतरायला हवं होतं. सगळ्यांच्या नजरा विमावाल्यांकडे वळल्या. त्यांनी छाती फुगवली आणि पाय बाहेर टाकला.

"मी उतरतो. पण मागच्या वेळी मी बाहेर पडलो तेव्हा काय झालं ते आठवतंय ना? मजला जाईल बघा एखादा."

"जाऊ दे गेला तर," ताई म्हणाली, आणि तळमजल्याचं बटण दाबलं. "आता मी काही वर नसते."